असेसमेंटला जाताना: ऑटिझमच्या तपासणीत नेमकं काय होतं आणि घरून काय न्यायचं

लेक दोन वर्षं चार महिन्यांचा होता. सर्दीसाठी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो होतो. चिठ्ठीवर सिरपच्या खाली डॉक्टरांनी एक ओळ लिहिली: ‘डेव्हलपमेंटल असेसमेंट, आर/ओ एएसडी’. ‘एकदा दाखवून घ्या’ एवढंच बोलले आणि पुढचा पेशंट आत आला. नाशकात कॉलेज रोडच्या कडेला स्कूटर उभी करून मी ते मोबाईलवर शोधलं. ‘आर/ओ’ म्हणजे रूल आऊट, ‘हे नाही ना, ते तपासा’. एएसडी म्हणजे ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, वर्तमानपत्रांतली ‘स्वमग्नता’. हा शब्द मला तेव्हाही पटला नव्हता आणि आज पोरगा सात वर्षांचा झाल्यावर तर मुळीच पटत नाही. आमचा स्वतःत मग्न नसतो, छताच्या पंख्यात असतो. असो.

त्या ओळीपासून पक्का रिपोर्ट हातात पडेपर्यंत आम्हाला अकरा महिने लागले. त्यातले सहा तरी माझ्यामुळे गेले. ते कसे, हे पाचव्या पायरीत येईलच. तुमच्या हातात आज तशी चिठ्ठी असेल तर तुमचे महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, या रांगेतून गेलेली आई आहे.

१. आधी चाळणी होते. चाळणी म्हणजे निदान नव्हे

मूल १६ ते ३० महिन्यांच्या दरम्यान असेल तर बहुतेक ठिकाणी ‘एम-चॅट-आर’ नावाची प्रश्नावली देतात. वीस प्रश्न, हो किंवा नाही. बोटाने दाखवतो का, हाक मारली की बघतो का, खोटं खोटं खेळतो का, असे. २ पर्यंत गुण आले तर धोका कमी, ३ ते ७ आले तर आणखी खोलात प्रश्न विचारतात, ८ किंवा जास्त आले तर थेट असेसमेंटला पाठवतात.

इथे आपण सगळे एकच लबाडी करतो. ‘हाकेला ओ देतो का?’ असं विचारलं की मागच्या दिवाळीत त्याने एकदा वळून बघितलेलं आठवतं आणि आपण ‘हो’वर खूण करतो. त्या प्रश्नावलीतच सांगितलेलं असतं की एखादी गोष्ट मूल क्वचित करत असेल, नेहमी करत नसेल, तर उत्तर ‘नाही’ द्या. प्रश्न इंग्रजीत असतील आणि नीट उमगत नसतील तर वाचून, मराठीत समजावून घ्या. त्यात लाज कसली?

गुण जास्त आले म्हणजे ऑटिझम झालाच, असंही नाही. चाळणीत खडेही राहतात आणि दाणेही राहतात.

२. कानांची तपासणी टाळू नका

‘ऐकू येतं हो त्याला! आतल्या खोलीत कुरकुऱ्याचं पाकीट फोडलं तरी धावत येतो.’ हे वाक्य मी स्वतः तीन डॉक्टरांना ऐकवलं आहे. तिघांनीही कानांची तपासणी लिहून दिलीच. काही आवाज ऐकू येतात आणि काही येत नाहीत, असंही असू शकतं, आणि बोलणं त्या न येणाऱ्यांत अडकलेलं असू शकतं.

तपासण्या दोन. ओएई, म्हणजे कानाच्या आतला प्रतिसाद बघणारी तपासणी, दोन-चार मिनिटांत होते. बेरा मात्र मूल गाढ झोपेत असताना करतात: कपाळावर आणि कानांमागे छोटे सेन्सर चिकटवतात, कानात टिकटिक असे आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत संदेश पोचतो का ते मशीनवर बघतात. दुखत काही नाही. खरी कसरत झोपवण्याची. रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा असं सांगतात. आम्ही पहाटे चारला उठवलं आणि स्वारी हॉस्पिटलच्या दारात पोचायला दोन मिनिटं असताना रिक्षात झोपली. आत नेताना टक्क जागी. झोपेचं औषध लागलंच तर ते तिथे गेल्यावर त्यांच्याच देखरेखीत द्यायचं असतं, घरून पाजून न्यायचं नाही. प्रवासात कुणीतरी मागे बसून त्याला जागं ठेवायला हवं. हे काम मावशीला द्या, ती कठोर असते.

मुंबईकडच्यांना वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था माहीत असेल. वाचा आणि श्रवण हेच तिचं काम.

३. नाव कुठे नोंदवायचं

निदान करणारी माणसं म्हणजे डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या विकासाकडे बघणारे बालरोगतज्ज्ञ), बालमानसोपचारतज्ज्ञ, बालमेंदूविकारतज्ज्ञ, आणि त्यांच्याबरोबर चाचण्या घेणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. सायकॉलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते. तो नंबर मागितल्याचा चांगल्या माणसाला राग येत नाही.

सरकारी वाट अनेकांना ठाऊकच नसते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत मुलं तपासायला येतं. तिथून मुलाला जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात पाठवतात, आणि हे केंद्र बहुतेक सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात असतं. पैसे लागत नाहीत. गर्दी असते, पण डॉक्टर, कानांची तपासणी आणि थेरपी एका छताखाली मिळू शकते. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारा.

खासगी किंवा संस्थांच्या वाटेने जाणार असाल, तर मुंबईत उम्मीद चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर २००१ पासून हे काम करतंय, पुण्यात केईएम हॉस्पिटलचं बालविकास केंद्र आहे. अशा ठिकाणी थांबावं लागतं. दोन ठिकाणी नाव घाला, जिथे आधी नंबर लागेल तिथे जा, आणि दुसरीकडे फोन करून नाव काढायला विसरू नका. तुमच्यासारखंच कुणीतरी मागे ताटकळत असतं.

फोनवरच विचारून घ्या: सांगितलेली फी एका भेटीची की पूर्ण असेसमेंटची? भेटी किती? लेखी रिपोर्टचे पैसे वेगळे का?

‘फुकट असेसमेंट’ची पाटी लावलेल्या थेरपी सेंटरपासून जरा जपून. जो पंधरा मिनिटांत निदान सांगतो आणि सोळाव्या मिनिटाला वर्षभराचं पॅकेज पुढे करतो, त्याच्याकडून कागद घेऊ नका.

आणि नंबर लागेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. बोलायला उशीर होतोय हे दिसतंयच ना? स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी पक्क्या निदानाआधीही सुरू करता येते. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

४. आधीचे पंधरा दिवस: वही, व्हिडिओ, फाइल

फाइलमध्ये एवढं हवं:

- प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड. बाळ काचेच्या पेटीत होतं तर त्याचेही कागद
- लसीकरणाचं किंवा माता-बाल संरक्षण कार्ड, वजन-उंचीच्या नोंदींसह
- कानांचे रिपोर्ट
- फिट आली असेल, मोठं आजारपण झालं असेल तर ते कागद
- आधी कुणाला दाखवलं असेल तर सगळ्या चिठ्ठ्या, न पटलेल्यासुद्धा
- बालवाडीच्या बाईंकडून चार ओळी: इतर मुलांत कसा असतो, गोलात बसतो का
- मुलाचा जन्मदाखला आणि आधार

वहीत वयं लिहा. मान कधी धरली, बसला कधी, चालला कधी, पहिला शब्द कोणता, आणि येत असलेले शब्द मधेच गेले का. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. तारखा कुणाच्याच लक्षात नसतात, पण सण असतात. ‘गणपतीत आरतीच्या वेळी मांडीवर बसवावं लागत होतं, होळीला गच्चीत एकटा चालला.’ मोबाईलमधले सणांचे फोटो लावून बघा, सगळं आठवतं. मी अशीच बसले होते, तेव्हा एका व्हिडिओत लेक चौदा महिन्यांचा असताना ‘काऊ’ म्हणताना सापडला. तो शब्द नंतर गेला होता आणि घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

व्हिडिओ अर्ध्या-एक मिनिटाचे पाच-सहा पुरेत. पाठीमागून हाक मारताना, एकटा खेळताना, सोसायटीतल्या पोरांत, जेवताना, काहीतरी हवं असताना, आणि आकांत मांडलेला असताना. शेवटचा काढताना आपण राक्षस आहोत असं वाटतं. तरी काढा. दवाखान्यात मूल नेमकं शहाण्यासारखं वागतं.

आईकडून गरोदरपणाची सगळी माहिती विचारतात: बीपी, साखर, ताप, बाळ लगेच रडलं का. सासूबाई शेजारी बसलेल्या असतील तर हे प्रश्न चौकशी आयोगासारखे वाटतात. ते दोष शोधायला नसतात. ‘आईने लक्ष दिलं नाही म्हणून ऑटिझम’ हा समज विज्ञानाने कधीच मोडीत काढला आहे. सोयरिकीतल्या काकांपर्यंत ते अजून पोचलं नाही, एवढंच.

५. त्या दिवशी, खोलीत

वेळ झोपेची किंवा जेवणाची घेऊ नका. आम्ही पहिल्यांदा मुंबईला गेलो ते पंचवटी एक्स्प्रेसने, त्याच दिवशी पोचून. कसारा घाटात त्याने प्रत्येक बोगदा साजरा केला आणि दादरला उतरेपर्यंत पार गळाला होता. बाहेरगावी जायचं तर आदल्या दिवशी पोचा. आवडता खाऊ, पाणी, जास्तीचे कपडे आणि जी वस्तू हातात असली की तो शांत राहतो ती वस्तू न्या. आमची झाऱ्याची दांडी होती. पर्समध्ये झारा घेऊन फिरणारी मी एकटीच नसेन. बरोबर दोन मोठी माणसं पुरेत, आणि त्यातले एक बाबा असू देत. मी घरी जाऊन नवऱ्याला सगळं पुन्हा सांगितलं तेव्हा अर्धा वेळ त्याच्या ‘पण तू त्यांना हे सांगितलंस का?’ यातच गेला.

आत गेल्यावर कोट घातलेलं कुणी नसेल. सतरंजी किंवा मॅट, थोडी खेळणी, एक बाई खाली बसलेल्या. पहिला बराच वेळ बोलणं आपल्याशी, तास-दीड ताससुद्धा. त्याच वेळी दुसरं कुणीतरी किंवा त्याच बाई मुलाकडे बघत असतात. बघतात त्या मुख्यतः दोन गोष्टी, कारण २०१३ च्या डीएसएम-५ या निकषग्रंथाने ऑटिझमची व्याख्या या दोनांवरच उभी केली आहे. पहिली, माणसांशी देवाणघेवाण. दुसरी, तेच तेच वागणं, ठरावीक आवडी, आणि आवाज-स्पर्श-प्रकाशाचा फार जास्त किंवा फार कमी परिणाम होणं. किती शब्द येतात यापेक्षा ते कशासाठी वापरतो, हे त्यांना हवं असतं.

उदाहरणार्थ बोट दाखवणं. ते दोन प्रकारचं असतं हे मला त्या खोलीत कळलं. बिस्कीट हवं म्हणून डब्याकडे बोट, हा एक. आकाशातून विमान गेलं की बोट वर करून आईकडे वळून बघणं, ‘तू बघितलंस का?’, हा दुसरा. हवं ते मिळवण्यासाठी आमचा लेक माझं मनगट धरून मला फ्रीजपर्यंत ओढत न्यायचा आणि माझाच हात हँडलवर ठेवायचा. मला ते हुशारीचं वाटायचं. विमान मात्र तो एकटाच बघायचा.

मग त्या बाईंनी साबणाचे फुगे काढले. चार-पाच फुंकले, लेक खूश. नंतर त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, ती त्याच्यासमोर ठेवली आणि गप्प बसल्या. तो झाकणाशी झटापट करू लागला. मी पुढे झाले आणि झाकण उघडून दिलं.

‘आई, तुम्ही नका उघडू,’ त्या हसून म्हणाल्या. झाकण घट्ट होतं ते मुद्दाम. तो बाटली कुणाकडे आणून देतो का, चेहऱ्याकडे बघतो का, आवाज काढतो का की नुसताच रडतो, तोच प्रश्न होता, आणि उत्तर मी लिहून टाकलं होतं.

आधीच्या ठिकाणी मी नेमकं हेच केलं होतं, पण तिथे मला कुणी थांबवलं नाही. वीस मिनिटांच्या भेटीत मी त्याच्या कानात कुजबुजत होते, ‘बघ बघ, काका बोलावतायत’, हनुवटी धरून तोंड वळवत होते, ‘घरी म्हणतो हो, आज लाजतोय’ म्हणत होते. कागदावर आलं, ‘थोडा उशीर, सहा महिन्यांनी दाखवा’. तेच ते सहा महिने. दोष निम्मा त्यांचा, निम्मा माझा.

तेव्हा हात मांडीवर ठेवा. सांगितल्याशिवाय मदत करू नका, उत्तरं पुरवू नका, रागावू नका. भातुकलीतला कप दिला आणि त्याने बाहुलीला चहा पाजण्याऐवजी कप गरगर फिरवला, तर फिरवू दे. ही स्कॉलरशिपची परीक्षा नाही. मूल नेहमीपेक्षा फार वेगळं वागत असेल, ताप असेल, झोप झाली नसेल, तर तेवढं मात्र जरूर सांगा.

चाचण्यांची नावं कानावर पडतील. कार्समध्ये पंधरा मुद्दे असतात आणि गुण १५ ते ६० च्या दरम्यान येतात. आयएनडीटी-एएसडी हे भारतात बनवलेलं, २ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी. एडॉस-२ खेळातून घेतात, ते महाग असतं आणि सगळीकडे नसतं. ते झालं नाही म्हणून निदान कच्चं ठरत नाही. इसा, म्हणजे भारतीय ऑटिझम मापन श्रेणी, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने बनवली आहे. सरकारी प्रमाणपत्राला ती लागते.

व्हीएसएमएसबद्दल जरा थांबून सांगते. रोजची कामं मूल स्वतः किती करतं हे ती चाचणी आई-वडिलांना विचारून मोजते. तिचं भारतीय रूप नागपूरला तयार झालं. स्वतः जेवतो का, शर्ट घालतो का, शी-शू सांगतो का असे प्रश्न. आता आपल्याकडे पाच वर्षांच्या नातवालाही आजी घास भरवते. मग ‘नाही’ सांगितलं की गुण उगाच खाली येतात. ‘करता येत नाही’ आणि ‘आम्ही करू दिलं नाही’ हे वेगवेगळं सांगा. पटकन फरक पडतो.

भाषेचंही आधी सांगून ठेवा. घरात मराठी असेल तर ‘बॉल कुठेय?’ मराठीतच विचारायला हवं. आणि ‘घरात आता फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी गोंधळतो’ असा सल्ला मिळाला तर मनावर घेऊ नका. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही की वाढत नाही. आजीशी बोलायची भाषा काढून घेतली तर मुलाकडे उरतं काय?

रक्त, एमआरआय, ईईजी यांनी ऑटिझम कळत नाही. त्या तपासण्या लिहून दिल्या तर दुसरं काही शोधायला, उदाहरणार्थ फिट येत असल्याची शंका. ‘ही कशासाठी?’ एवढं विचारा.

६. रिपोर्ट घेताना

रिपोर्ट त्याच दिवशी मिळेलच असं नाही. तो समजावून सांगायची वेगळी भेट असते, तिथेही दोघांनी जा आणि वही न्या. मी विचारलेले आणि विचारायचे राहून गेलेले प्रश्न:

- निदान पक्कं आहे की ‘प्रोव्हिजनल’, म्हणजे तात्पुरतं? कशावरून?
- कोणत्या चाचण्या झाल्या, प्रत्येकीचे गुण किती?
- बरोबर आणखी काही आहे का: अतिचंचलता, बौद्धिक विकासातला उशीर, झोपेचा त्रास?
- पहिल्या तीन महिन्यांत कोणत्या दोनच गोष्टींवर काम करायचं?
- पुन्हा असेसमेंट कधी?

रिपोर्टात लिहिलेली लेव्हल १, २, ३ म्हणजे मुलाला आज किती आधार लागतो याचा अंदाज. तो बदलतो. पाच वर्षांखालच्या मुलांना ‘जीडीडी’ असंही लिहितात, म्हणजे विकासाच्या अनेक बाजूंनी उशीर. थोडं मोठं झाल्यावर पुन्हा बघून नेमकं ठरवतात. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’, म्हणजे मोबाईल-टीव्हीमुळे झालेला म्हणतात तो, हा शब्द सध्या फार फिरतोय, पण डीएसएममध्ये तसं निदान नाही. मोबाईल कमी करा, जरूर करा. पण ‘मोबाईल बंद केला की आपोआप जाईल’ म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.

मुलीच्या आईबाबांनो, ‘शांत आहे, लाजाळू आहे’ म्हणून मुलींचं निदान राहून जातं. शंका असेल तर रेटून धरा.

निघण्याआधी कागदावर सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि मुलाच्या नावाचं स्पेलिंग तपासा. आधारवर जसं तसंच. आमच्या रिपोर्टात एक ‘ए’ जास्त पडला होता, त्यासाठी दोन खेटे झाले.

७. सरकारी कागद

१९९५ च्या अपंगत्व कायद्यात ऑटिझम नव्हताच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आला. युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी. इसामध्ये ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण: ७० च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. ७० गुणांना ४० टक्के दिव्यांगत्व धरतात, आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. म्हणजे ‘आमचा सौम्य आहे, आम्हाला मिळणार नाही’ हा समज चुकीचा. लहान मुलांना मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, ते पुन्हा करून घ्यायची तारीख कॅलेंडरवर लिहा.

नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, थेरपीचा खर्चही त्यात बसतो.

‘कार्ड काढलं तर शिक्का बसेल’ म्हणून आमच्याकडे दीड वर्ष कुणी अर्ज करू दिला नाही. कार्ड कपाटात असतं. कुणाला दाखवायचं ते आपण ठरवतो.

८. फोन यायला लागतील

निदान झाल्याचं दोन नातेवाइकांना कळलं की आठवड्यात स्टेम सेलच्या जाहिराती व्हॉट्सअॅपवर येतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डिसेंबर २०२२ मध्येच सांगितलं आहे की ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस नाही. शरीरातला ‘विषारी धातू’ काढणारी औषधं, केस पाठवून करायच्या महागड्या तपासण्या, ‘सहा महिन्यांत नॉर्मल’ची हमी, हे सगळं त्याच पंगतीतलं.

९. पुन्हा असेसमेंट

ते होतंच, वर्ष-दोन वर्षांनी. वही तीच न्या, नवी करू नका. जुन्या पानांवर तारखा असतात. जुने व्हिडिओ मोबाईल बदलताना उडतात, आधीच पेन ड्राइव्हवर काढा. आमच्या दुसऱ्या खेपेला मॅटवर तीच फुग्यांची बाटली होती. झाकण घट्ट. मी या वेळी दाराजवळची खुर्ची घेतली, हात पोचणार नाही अशी.